गळकं माळवद आणि विजेवरची गिटार

औशाच्या नाथ संस्थानाचं चक्रीभजन ज्यानं एकदा पाहिलं आहे, त्याला त्यातली एक गोष्ट विसरता येत नाही. म्हणणारे मांडी घालून बसत नाहीत. अभंग म्हणत म्हणत ते गोल फिरतात, टाळाच्या ठोक्यावर पाऊल पडतं आणि बघणारा कितीही आवरून उभा राहिला तरी त्याच्या टाचा हलू लागतात.

आता तोच माणूस लातूरहून औशाला येणाऱ्या रात्रीच्या एसटीत बसलाय असं समजा. शेजारच्या पोरानं मोबाइलवर गाणं लावलंय. त्यात गिटार आहे, ड्रम आहेत, व्हायोलिन आहे आणि गाणारा कन्नडमध्ये गातोय. आपल्या माणसाला कन्नडचं अक्षर कळत नाही. तरी दोन मिनिटांत त्याच्या टाचा हलतात आणि मनात येतं, अरे, हे तर भजन वाटतंय!

असं का व्हावं? भाषा परकी, वाद्यं विलायती, मग ओळख कशाची पटली?

त्या गायकाचं नाव रघु दीक्षित. त्यांच्या गाण्याच्या प्रकाराला फोक-रॉक म्हणतात. लोकगीताचा किंवा संतांच्या पदाचा गाभा घ्यायचा आणि तो गिटार, बेस, ड्रम अशा रॉकच्या वाद्यांवर उभा करायचा, एवढाच त्याचा साधा अर्थ. साधा अर्थ असला तरी काम साधं नाही. जुनं पद आणि नवी वाद्यं एकत्र आली की बहुतेक वेळा दोहोंपैकी एकाचा गळा दाबला जातो. जिथं तसं होत नाही तिथं नेमकं काय जुळलेलं असतं, ते या गायकाच्या निमित्तानं पाहू.

नाशकात जन्म, म्हैसूरला घडण

रघु दीक्षित यांचा जन्म ११ नोव्हेंबर १९७४ रोजी नाशिकमध्ये झाला. जन्मगाव आपलं असलं तरी ते वाढले म्हैसूरमध्ये, तमिळ बोलणाऱ्या परंपरानिष्ठ घरात. लहानपणापासून ते अनेक वर्षं भरतनाट्यम शिकले. म्हैसूर विद्यापीठातून त्यांनी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केलं, तेही सुवर्णपदकासह. गिटार त्यांच्या हातात आली ती कॉलेजात. नाचणारा मुलगा म्हणून एका सोबत्यानं डिवचलं, त्याला उत्तर म्हणून ते वाद्य शिकले, असं ते स्वतः सांगत आले आहेत.

मला या तपशिलात नाचाची वर्षं फार महत्त्वाची वाटतात. गिटार शिकण्याआधी या माणसाचे पाय ताल शिकलेले होते. पुढं त्याच्या गाण्यात जे काही घडतं त्याचं मूळ मी तिथंच शोधतो.

नोकरीसाठी ते बेल्जियमला गेले. तिथल्या एका रेडिओ केंद्रावर त्यांना गाण्याची संधी मिळाली आणि आपण हेच करावं असं त्यांच्या मनानं घेतलं. भारतात परतून त्यांनी आधी ‘अंतराग्नी’ नावाचा बँड चालवला, तो मोडल्यावर ‘द रघु दीक्षित प्रोजेक्ट’ उभा केला. कॅसेट-सीडी काढणाऱ्या कंपन्यांनी त्यांच्या गाण्यांना वर्षानुवर्षं नकार दिला. कन्नड पदं, हिंदी गाणी, मधेच एखादं इंग्रजी, हे दुकानातल्या कुठल्या फळीवर ठेवायचं हेच कुणाला कळत नव्हतं. अखेर संगीतकार विशाल-शेखर यांच्या पाठबळावर २००८ मध्ये पहिला अल्बम निघाला. २०१० मध्ये ब्रिटनच्या बीबीसी वाहिनीवर जूल्स हॉलंड यांच्या संगीताच्या कार्यक्रमात ते गायले आणि पाहता पाहता नाव परदेशात पसरलं. २०११ मध्ये ‘साँगलाइन्स’ या जागतिक संगीताच्या इंग्रजी मासिकानं त्यांना नवोदितांसाठीचा पुरस्कार दिला, त्याच वर्षी ते ग्लास्टनबरीच्या प्रचंड महोत्सवात गायले. २०१३ मध्ये दुसरा अल्बम आला, ‘जग चंगा’. मधल्या काळात कन्नड आणि हिंदी चित्रपटांना त्यांनी संगीतही दिलं.

शिशुनाळचे शरीफ

आता ज्याचे शब्द ते गातात त्याच्याकडे वळू, कारण ओळख पटण्याचं अर्धं कारण तिथं आहे.

हावेरी जिल्ह्यात शिग्गाव तालुक्यात शिशुनाळ नावाचं गाव आहे. तिथले संत शरीफ यांचा काळ १८१९ ते १८८९. जन्म मुसलमान घरात, काही काळ शाळामास्तरकी आणि गुरू गोविंद भट्ट नावाचे ब्राह्मण. गुरूनं शिष्याच्या गळ्यात जानवं घातलं, अशी आठवण तिकडं प्रेमानं सांगतात. शरीफांनी रचलेल्या पदांना तत्त्वपदं म्हणतात. परमार्थाची गोष्ट सांगायला ते घरातली, शेतातली, चुलीजवळची वस्तू उचलतात आणि तिच्यातून बोलतात. आपल्याकडं एकनाथांची भारुडं हेच करतात. विंचू, जोशी, दादला अशा ओळखीच्या माणसां-वस्तूंच्या पोटात अध्यात्म दडवतात.

रघु दीक्षित यांच्या पहिल्या अल्बममध्ये शरीफांची दोन पदं आहेत. त्यातल्या एकाचं नाव ‘गुडगुडिया सेदि नोडो’. यातली गुडगुडी म्हणजे आपलीच गुडगुडी, हुक्का! आजोबांच्या बैठकीतली ती वस्तू शरीफांनी देहाचं रूपक केली आहे. शब्द दोन्हीकडं एकच, आणि यात नवल नाही. औशाहून निलंगा, तिथून औराद शहाजानी ओलांडलं की कर्नाटक लागतं. संत बसवण्णांचं कर्नाटकातलं कल्याण इथून जवळ आहे. लातूर-औशाच्या कितीतरी लिंगायत घरांत कपिलधारच्या मन्मथस्वामींचे मराठी अभंग म्हटले जातात आणि त्याच घरांत बसवण्णांची कन्नड वचनंही आदरानं घेतली जातात. नकाशावरची राज्याची रेघ १९५६ मध्ये पडली. पदं तिच्या कितीतरी आधीपासून इकडून तिकडं जात-येत होती.

म्हणजे एसटीतल्या आपल्या माणसाला शब्द कळले नाहीत तरी पदाचा बाज त्याच्या कानात आधीपासून होता. ध्रुवपद, मग कडवं, पुन्हा ध्रुवपद. एक जण पुढं म्हणतो, बाकीचे मागून उचलतात. पोवाड्यात हे काम झीलकरी करतात, भजनात टाळकरी आणि रॉकमध्ये कोरस.

पाय आधी का ओळखतात

ताल ऐकताना फक्त कान काम करत नाहीत. माणूस अगदी स्थिर बसला तरी ठोके नियमित येत आहेत असं कळताच मेंदूतले हालचालीचे भाग जागे होतात. हात-पाय हलवण्याचा हुकूम जिथून सुटतो तेच हे भाग. मेंदू पुढचा ठोका कधी पडेल याचा अंदाज बांधतो आणि तो खरा ठरला की बरं वाटतं. टाच हलणं ही त्या अंदाजाचीच खूण आहे.

यातही एक खुबी आहे. माणूस सहज चालतो तेव्हा मिनिटाला साधारण १०० ते १२० पावलं पडतात. नाचायला लावणारी पुष्कळ गाणी याच वेगाच्या आसपास असतात, दिंडीही चालण्याच्याच वेगानं गाते. पाय ओळखतात तो स्वतःचाच वेग असतो. गोल फिरत म्हटलेल्या भजनात ताल मोजायला वेगळं कुणी लागत नाही, अंगाचं वजन एका पायावरून दुसऱ्यावर जाताना तो आपोआप मोजला जातो.

मृदंग आणि ड्रमसेट यांची कामाची वाटणीही जवळजवळ सारखी आहे. मृदंगाच्या डाव्या तोंडाला कणीक लावतात, त्यानं तिथला आवाज जड होतो, छातीत घुमतो. उजव्या तोंडावर शाई असते, तिथून टणक, स्पष्ट बोल निघतात. ड्रमसेटमध्ये पायानं वाजवायचा मोठा ढोल जड ठोका देतो आणि मांडीपुढचा स्नेअर ढोल कडक ठोका देतो. जड आणि कडक यांची पाळीपाळीनं देवाणघेवाण सुरू झाली की शरीराला ‘इथं पाऊल टेकव, इथं उचल’ असं कळतं. टाळांची किणकिण आणि ड्रमच्या झांजा वरून मधल्या जागा भरतात. वाद्यं बदलली, कामं तीच राहिली.

तार, भोपळा आणि डायनॅमो

एकतारीची तार छेडली की तार हलते, पण बारीक तार हवा फारशी ढकलू शकत नाही. म्हणून खाली भोपळा असतो. तारेची थरथर भोपळ्यावरच्या पडद्याला मिळते, पडदा जास्त हवा हलवतो आणि आवाज देवळाच्या ओट्यापर्यंत पोचतो. साधी लाकडी गिटार याच तत्त्वावर चालते, तिथं भोपळ्याऐवजी लाकडी पेटी असते. रघु दीक्षित बहुधा हीच गिटार गळ्यात घालून गातात.

विजेवरच्या गिटारीला मात्र भोपळा नसतो, बहुधा पोकळ पेटीही नसते. तिचं रहस्य ज्यानं जुन्या सायकलचा डायनॅमो पाहिलाय त्याला चटकन कळेल. डायनॅमोत तांब्याच्या तारेच्या गुंडाळीजवळ लोहचुंबक फिरतं आणि वीज तयार होऊन दिवा लागतो. गिटारीत तारांच्या खाली लहान लोहचुंबक बसवलेलं असतं, त्याभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकाचं क्षेत्र थरथरतं आणि गुंडाळीत अगदी क्षीण वीज उमटते. तारेची थरथर जशी, तशीच त्या विजेची थरथर. अॅम्प्लिफायर ती हजारो पटीनं वाढवतो, स्पीकरचा पडदा तिच्या तालावर हलतो आणि मैदान भरतं.

थोडक्यात, एकतारीत जे काम भोपळा करतो, ते या गिटारीत डायनॅमो आणि कर्णा मिळून करतात.

मापावरची फळी

रॉकमधली गिटार कधी कधी गुरगुरते, खरखरते. पुष्कळांना तो आवाज बिघडलेला वाटतो. तो मुद्दाम केलेला असतो, त्याला डिस्टॉर्शन म्हणतात. मोंढ्यावर धान्य मोजताना मापात शीग भरतात आणि मग वरून फळी फिरवून ती सपाट करतात, तसं हे आहे. अॅम्प्लिफायरला त्याच्या कुवतीपेक्षा मोठी लाट दिली की तो तिची शीग कापतो. गोल माथ्याची लाट सपाट माथ्याची होते. सपाट माथ्याच्या लाटेत मूळ स्वरासोबत अनेक वरचे बारीक स्वर मिसळतात, म्हणून आवाज दाट आणि खरखरीत होतो.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. असा दाट आवाज असताना तीन-चार स्वर एकदम वाजवले तर त्यांचे बारीक स्वर एकमेकांत गुंततात आणि चिखल होतो. विशेषतः सा बरोबर ग वाजवला तर. म्हणून रॉकवाल्यांनी अनुभवातून ग सोडून दिला. अशा वेळी ते फक्त सा आणि प वाजवतात. त्याला ते पॉवर कॉर्ड म्हणतात.

सा आणि प! आपल्या तंबोऱ्यावर बहुतेक वेळा हेच दोन स्वर सतत चालू असतात. गाण्याचा भाव ग वर फार अवलंबून असतो. शुद्ध ग लागला की एक छटा, कोमल ग लागला की दुसरी. तंबोरा ग लादत नाही, तो गायकासाठी मोकळा ठेवतो. पॉवर कॉर्डही ठेवतो. त्यामुळं आपल्या चालीतला शुद्ध-कोमलचा खेळ या गिटारीवर खुशाल चालू शकतो. युरोप-अमेरिकेतले गिटारवाले आणि आपले तंबोरेवाले वेगवेगळ्या वाटांनी आले, तरी दोघं एकाच जागी पोचले. याच जागी फोक-रॉकचा खरा सांधा बसतो असं माझं मत आहे.

उलट फसगतही इथंच होते. गिटारीवर पट्ट्या बसवलेल्या असतात, स्वर पायऱ्यांसारखे सुटे पडतात. आपली चाल मात्र एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत, वळत जाते. गिटार पायरी चढते तेव्हा गळा उतारावरून घसरत असतो. रघु दीक्षित यांच्या वाद्यमेळात व्हायोलिनला मोठं स्थान राहिलं आहे, ते यासाठी फार उपयोगी पडतं. व्हायोलिनला पट्ट्या नाहीत, ते गळ्यासारखं वळतं आणि गळा व गिटार यांच्या मधला दुवा होतं.

[चौकट]
काही शब्दांचे अर्थ
फोक-रॉक: लोकगीत किंवा पदाचा गाभा आणि रॉकची वाद्यं. हे नाव १९६५ च्या सुमारास अमेरिकेत रूढ झालं.
पिकअप: गिटारीच्या तारांखालचं चुंबक आणि तांब्याची गुंडाळी, तारेच्या थरथरीची वीज करणारा भाग.
पॉवर कॉर्ड: फक्त सा आणि प यांची जोडी.
तत्त्वपद: कन्नड संतांचं परमार्थपर पद, बहुधा एकतारीवर गायलं जाणारं.

शब्द ऐकू येतील का?

२५ जुलै १९६५ रोजी अमेरिकेत न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात बॉब डिलन विजेवरची गिटार घेऊन उभे राहिले, तेव्हा श्रोत्यांतल्या काहींनी त्यांची हुर्यो केली. तोवर ते साध्या गिटारीवर गाणारे कवी म्हणून लोकांचे लाडके होते. लोक का चिडले याची कारणं आजही वेगवेगळी सांगतात. एक कारण असंही सांगतात की त्या दिवशी ध्वनिव्यवस्था खराब होती, शब्द नीट ऐकू येत नव्हते. हे कारण मला फार खरं वाटतं. लोकगीत ऐकणारा शब्दांसाठी आलेला असतो. त्याच डिलनना २०१६ मध्ये साहित्याचं नोबेल मिळालं.

शब्दांना जागा कशी मिळते ते आपल्या अभंगावरून पाहू. मोठ्या अभंगात पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे आणि चौथा चार अक्षरांचा, एकूण बावीस. भजनी ठेका आठ मात्रांचा. समजायला सोपं म्हणून एका अक्षराला एक मात्रा धरू. प्रत्येक सहाअक्षरी चरणाला आठ मात्रांचं घर दिलं तर दोन मात्रा उरतात, चौथ्या चरणानंतर चार उरतात. प्रत्यक्षात गाणारा अक्षरं लांबवतो, आखडतो, पण मोकळी जागा उरतेच. तिथं श्वास घेतला जातो, तिथंच टाळ जोरात वाजतो, तिथंच मृदंगवाला आपला तुकडा घालतो. शब्द संपले की वाद्य बोलतं, शब्द आले की वाद्य खाली बसतं.

चांगला फोक-रॉक हीच शिस्त पाळतो. गिटारीचा झणत्कार, व्हायोलिनची लकेर, ढोलांचा गडगडाट हे सगळं त्या उरलेल्या मात्रांत यायला हवं. वाईट फोक-रॉकमध्ये गिटारवाला शब्दांवरच चालून जातो. मुंबईच्या ‘अभंग रिपोस्ट’ या बँडनं तुकोबा-ज्ञानोबांचे अभंग रॉकच्या साजात म्हणायला सुरुवात केली तेव्हा पुष्कळ जुन्या मंडळींना धास्ती वाटली असेल. धास्ती रास्त आहे. तिचं उत्तर मात्र गिटार आहे की नाही यात सापडायचं नाही, ती कुठल्या मात्रेवर वाजते यात सापडेल.

लय वाढवायची की थर

एका बाबतीत मात्र दोघांचे रस्ते वेगळे होतात. भजन संथ सुरू होतं आणि लय चढत चढत शेवटी इतकी वाढते की टाळकऱ्यांचे हात दिसेनासे होतात. बेभान होण्याचा आपला मार्ग वेग वाढवण्याचा.

रॉकच्या स्टुडिओत एकेक वाद्य वेगळं ध्वनिमुद्रित करतात, मग सगळं जुळवतात. ते जुळावं म्हणून वादकांच्या कानात यंत्राची टिकटिक एकाच वेगानं चालू ठेवतात. तिथं लय चढवणं अवघड. मग चढाव आणायचा कसा? थर वाढवून. आधी नुसती गिटार आणि गळा, दुसऱ्या कडव्याला बेस, मग ढोल, मग व्हायोलिन, मग सगळ्यांचा कोरस. मधेच एकदम सगळं थांबवून फक्त आवाज ठेवायचा आणि पुन्हा सगळ्यांनी एकदम कोसळायचं. वेग तेवढाच राहतो, पण अंगावर काटा येतो.

मंचावर मात्र रघु दीक्षित रंगीत लुंगी नेसून, पायात घुंगरू बांधून उभे असतात. ते घुंगरू शोभेचे नाहीत. गाताना ते उड्या मारतात, पाऊल आपटतात आणि तो ठोका ढोलात मिसळतो. भरतनाट्यमची वर्षं तिथं ऐकू येतात. कानातल्या टिकटिकीपेक्षा पायावर विश्वास असलेला गायक मला औशाच्या चक्रीचा वाटतो, जन्मानं नाशिकचा आणि वाढीनं म्हैसूरचा असला तरी.

कधीतरी मन्मथस्वामींचा एखादा अभंग कुणीतरी या साजात, पण या शिस्तीनं म्हणावा, हलगी हाताशी घेऊन म्हणावा, असं मला फार वाटतं. लातूर-नांदेडच्या पोरांच्या हातात आज गिटारही आहे आणि ध्वनिमुद्रणाची सोय असलेला मोबाइलही.

दुसरं पद

पहिल्या अल्बममधलं शरीफांचं दुसरं पद ‘सोरुतिहुदु मनिया माळिगी’. शरीफांची पदं कर्नाटकात घराघरात पोचवण्यात गायक-संगीतकार सी. अश्वथ यांचा वाटा मोठा आहे. १९९० मध्ये टी. एस. नागाभरण यांनी ‘संत शिशुनाळ शरीफा’ हा चित्रपट केला. रघु दीक्षित यांच्यापर्यंत ही पदं आली ती अशा वाटेनं लोकांच्या ओठांवर खेळत असतानाच.

माळिगी म्हणजे घरावरचं सपाट छप्पर, आपलं माळवद. घराचं माळवद गळतंय, असं ते पद सांगतं. गळतंय ते अज्ञानामुळं, आणि वर चढून ते नीट करणारं कुणी नाही. घर म्हणजे आपणच.

औसा तालुक्यातल्या माणसाला या पदाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. मृग लागायच्या आधी माळवदावर पांढरी माती पसरायची, पन्हळ मोकळी करायची, हे काम घरातल्या कर्त्या माणसाचं असे. ते राहिलं की पहिल्याच पावसात रात्री घरभर भांडी मांडावी लागत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि दगडमातीच्या जड भिंती, जड माळवदं माणसांवर कोसळली. किल्लारी याच तालुक्यातली. त्यानंतर माळवद हा शब्द इकडं थोडा थांबून उच्चारला जातो.

हे पद पुन्हा ऐकताना एक करून पाहा. शब्द सुरू झाले की कुठलं वाद्य गप्प होतं, आणि शब्द संपताच आधी कुठलं बोलतं, एवढंच लक्ष देऊन ऐका.